लहान मुलांमधला एपिडिडिमायटिस : आधी पीळ नाही ना ते बघा, मग औषधाचं बोला

अनुबंध (धागाकर्ती)

मी बालशल्यचिकित्सक आहे. "वृषण दुखतंय, सुजलंय" म्हणून आलेल्या मुलांच्या कागदांवर 'एपिडिडिमायटिस' हे निदान आणि त्याखाली अँटिबायोटिकचं सिरप, ही जोडी मला फार वेळा दिसते. त्यातल्या बऱ्याच मुलांना ते सिरप लागणारच नव्हतं. थोड्या मुलांमध्ये तर निदानच वेगळं निघालं आणि त्यांना तातडीनं ऑपरेशन करावं लागलं. पालकांना या दोन्ही गोष्टी माहीत असाव्यात म्हणून हा धागा काढते आहे.

आधी थोडी रचना. प्रत्येक वृषणाच्या मागच्या बाजूला चिकटलेली एक बारीक, वेटोळी नळी असते. मोठ्या माणसात ती उलगडली तर सुमारे ६ मीटर भरते. वृषणात तयार झालेले शुक्राणू तिच्यात परिपक्व होतात आणि पुढे शुक्रवाहिनीत जातात. हीच एपिडिडिमिस, म्हणजे अधिवृषण. तिला सूज आली की एपिडिडिमायटिस. सूज वृषणापर्यंत पसरली की एपिडिडिमो-ऑर्कायटिस.

मुलाचं वृषण अचानक दुखायला लागलं तर मुख्यतः तीन शक्यता डोळ्यांसमोर असतात.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे वृषणाला पीळ बसणं, टॉर्शन. ज्या दोरीतून वृषणाला रक्तपुरवठा होतो ती दोरीच स्वतःभोवती फिरते आणि रक्त अडतं. काही मुलांमध्ये वृषण पिशवीत नीट बांधलेलं नसतं, घंटेच्या लोलकासारखं मोकळं लटकत असतं. त्यांना हा धोका जास्त. हे होण्याची दोन वयं ठळक आहेत : जन्माच्या आसपास, आणि वयात येताना, म्हणजे साधारण १२ ते १८. पण मधल्या वयात होत नाही असं मुळीच नाही. दुखणं सुरू झाल्यापासून ६ तासांच्या आत पीळ सोडवला तर बहुतेक वृषणं वाचतात. १२ तासांपर्यंत ती शक्यता बरीच खाली येते आणि २४ तासांनंतर फारच थोडी वाचतात.

दुसरी शक्यता उपांगाच्या पिळाची. वृषणाच्या वरच्या टोकाला गर्भावस्थेतला एक छोटासा, निरुपयोगी अवशेष लोंबत असतो. त्याला पीळ बसला की तो सुकतो आणि आजूबाजूला सूज येते. वयात येण्याआधीच्या मुलांमध्ये, विशेषतः ७ ते १२ वर्षांच्या, हे खूप आढळतं. दुखतं भरपूर, पण वृषणाला इजा नसते. काही दिवसांत आपोआप बरं होतं.

तिसरी शक्यता एपिडिडिमायटिसची. इथे दुखणं बहुधा हळूहळू वाढतं, तासांत नाही तर दिवसा-दोन दिवसांत. कधी सोबत लघवीला जळजळ, वारंवार लघवी, ताप. लहान मुलांत मात्र यातलं काहीच नसलं तरी एपिडिडिमायटिस असू शकतो.

वाचायला हे तीन कप्पे स्पष्ट वाटतात. प्रत्यक्षात ते एकमेकांत मिसळतात, आणि घरी बसून त्यांतला फरक ओळखता येत नाही. अनुभवी डॉक्टरलाही कधी कधी येत नाही. म्हणून पालकांसाठी नियम एकच : वृषणात अचानक दुखू लागलं की तो पीळच समजायचा आणि त्याच क्षणी, मध्यरात्र असली तरी, जिथे सर्जन आणि ऑपरेशनची सोय आहे अशा रुग्णालयात जायचं. निघण्यापूर्वी मुलाला काही खायला-प्यायला देऊ नका. भूल द्यावी लागली तर पोट रिकामं असलेलं बरं.

प्रश्न विचारा. कुणाच्या मुलाचं फोटो-रिपोर्ट पाहून निदान मात्र मी इथे करणार नाही.

रानजाई

अगदी वेळेवर धागा आला. माझा मुलगा ८ वर्षांचा. उजव्या बाजूला दुखत होतं, चालताना पाय फाकवून चालायचा. लगेच नेलं. सोनोग्राफीत 'रक्तपुरवठा व्यवस्थित, अधिवृषण सुजलेलं' असं आलं. लघवीची तपासणी स्वच्छ. तरीही सात दिवसांचं अँटिबायोटिक दिलंय. तुमचं वाचून आता वाटतंय की बंद करावं का?

अनुबंध

रानजाई, इथलं वाचून औषध बंद करू नका. ज्यांनी मुलाला हात लावून तपासलंय त्यांना फोन करा आणि सरळ विचारा : "लघवीत पू-पेशी नाहीत, कल्चर (लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी) पाठवलं होतं का? त्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर औषध थांबवायचं का?" हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि कुठल्याही डॉक्टरला त्याचं वाईट वाटायचं कारण नाही. कधी कधी कल्चरचा निकाल हाती येईपर्यंत औषध सुरू ठेवतात. त्यामागे विचार असतो.

आता सर्वसाधारण उत्तर. मोठ्या पुरुषांत एपिडिडिमायटिस म्हणजे बहुतेकदा जंतुसंसर्ग, त्यामुळे तिथे अँटिबायोटिक हवंच. ती सवय तशीच उचलून लहान मुलांना लावली जाते. पण वयात न आलेल्या मुलांत लघवीचं कल्चर केलं तर जंतू फार थोड्यांमध्ये सापडतात. बाकीच्यांत कारणं वेगळी. एखाद्या विषाणूजन्य आजारानंतर, सर्दी-खोकला होऊन गेल्यावर, अधिवृषणाला दाह होतो. मायकोप्लाझ्मा, एन्टेरोव्हायरस, ॲडेनोव्हायरस यांचा संबंध अभ्यासांत दिसला आहे. दुसरं, लघवी करताना जोर लावला किंवा लघवी फार वेळ दाबून धरली तर निर्जंतुक लघवीच उलट दिशेनं शुक्रवाहिनीत ढकलली जाते आणि तिच्या रासायनिक त्रासानं सूज येते. आणि तिसरं म्हणजे वर सांगितलेला उपांगाचा पीळ. त्यात शेजारचं अधिवृषण सुजतं, रक्तप्रवाह वाढलेला दिसतो, आणि सोनोग्राफीच्या कागदावर 'एपिडिडिमायटिस' लिहिलं जातं. या तिन्हींवर अँटिबायोटिकचा उपयोग शून्य.

ध्रुवपद

पिळाबद्दल मला कळकळीनं लिहायचंय. माझा मुलगा १३ वर्षांचा असताना रात्री झोपेतून उठला, पोटात दुखतंय म्हणाला, दोनदा उलटी झाली. आम्ही सगळे पोटाचाच विचार करत होतो. वृषण दुखतंय हे तो बोललाच नाही, लाजला. त्याच्या आजीनं त्याला चालताना पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "अरे, त्याची चड्डी उतरवून बघ जरा." एक बाजू वर ओढलेली, लाल, हात लावू देईना. तडक नेलं, पीळ निघाला, ऑपरेशन झालं, वृषण वाचलं. दुसऱ्या बाजूलाही टाके घालून ते पिशवीत पक्कं बसवलं.

मुलगा ओटीपोटात दुखतंय म्हणाला की प्रत्येक आईबापानं खाली बघायचंच. तो कितीही लाजला तरी.

अनुबंध

ध्रुवपद, तुमच्या आईंनी नातवाचं वृषण वाचवलं. हे मी अक्षरशः म्हणते आहे.

वृषणाच्या मज्जातंतूंचं मूळ पोटाच्या पातळीवर असतं, म्हणून पिळाचं दुखणं ओटीपोटात किंवा कमरेत जाणवतं आणि उलट्या होतात. काही मुलांत सुरुवातीला फक्त पोटच दुखतं. पोटदुखीच्या मुलाला तपासताना चड्डी न उतरवणं ही तपासणीतली गंभीर त्रुटी आहे. डॉक्टरांनी ते केलं नाही तर पालकांनी आठवण करून द्यावी.

दुसऱ्या बाजूला टाके का घालतात तेही सांगते. वृषण मोकळं लटकण्याची ठेवण बहुधा दोन्हीकडे असते. एक वाचवून दुसरं तसंच सोडलं तर धोका कायम राहतो.

टिपूर

मी सोनोग्राफी करतो. माझ्या बाजूनं थोडी भर.

डॉप्लरमध्ये आम्ही रक्तप्रवाह बघतो. एपिडिडिमायटिसमध्ये प्रवाह वाढलेला, पिळात कमी किंवा बंद. ऐकायला सोपं. पण पीळ अर्धवट असेल, किंवा बसून पुन्हा थोडा सुटला असेल, तर प्रवाह दिसतो. पीळ नुकताच सुटला असेल तर रक्त उलट जोरानं वाहतं आणि चित्र अगदी एपिडिडिमायटिससारखं दिसतं. फार लहान बाळांत मुळातच प्रवाह इतका मंद असतो की मशीनला तो टिपणं जड जातं. म्हणून फक्त वृषण बघून थांबायचं नसतं. वरची दोरी जांघेपर्यंत बघायची; पीळ असेल तर तिथे भोवऱ्याचं चित्र मिळतं. आणि दोन्ही बाजूंची तुलना करायची.

पालकांना एकच सांगेन. सोनोग्राफीसाठी रांगेत वेळ जात असेल आणि सर्जन म्हणत असतील की पीळच वाटतोय, थेट ऑपरेशनला घेऊ, तर "आधी सोनोग्राफी करा" असा आग्रह धरू नका. उघडून बघितलं आणि पीळ निघाला नाही, तर एक छोटी जखम राहील. वाट बघितली आणि पीळ निघाला, तर वृषण जाईल.

अनुबंध

टिपूर यांच्याशी शंभर टक्के सहमत.

हातानं तपासताना आम्ही काय बघतो तेही लिहिते, म्हणजे तुम्हाला डॉक्टर काय करताहेत ते कळेल. मांडीच्या आतल्या बाजूला हलकं बोट ओढलं की त्या बाजूचं वृषण झटकन वर उचललं जातं. हा क्रिमॅस्टेरिक रिफ्लेक्स. पिळात तो बहुधा नाहीसा होतो. तान्ह्या बाळांत मात्र तो एरवीही भरवशाचा नसतो. वृषण वर चढलंय का, आडवं झालंय का, दगडासारखं कडक लागतंय का, हेही बघतो. ट्विस्ट नावाची ७ गुणांची मोजणी आहे : सूज २, कडकपणा २, रिफ्लेक्स नसणं १, मळमळ किंवा उलटी १, वृषण वर चढलेलं १. ५ किंवा जास्त गुण आले तर पीळ असण्याची शक्यता फार मोठी. ही मोजणी तपासणाऱ्यासाठी आहे, घरी गुण मोजत बसू नका.

उपांगाच्या पिळात कधी कधी वृषणाच्या वरच्या टोकाशी कातडीतून निळसर ठिपका दिसतो आणि दुखणं नेमकं तिथेच असतं. दिसला तर निदान सोपं होतं, पण बहुतेक मुलांत तो दिसत नाही.

आणि एक जुनी समजूत : पिशवी वर उचलून धरल्यावर बरं वाटलं तर एपिडिडिमायटिस, नाही वाटलं तर पीळ. मुलांच्या बाबतीत यावर अजिबात विसंबू नका.

शंखध्वनी

डॉक्टर, थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. अँटिबायोटिक दिलं तर बिघडतं काय? लागत नसेल तर वाया जाईल, लागत असेल तर उपयोगी पडेल. लेकराच्या बाबतीत धोका कशाला पत्करायचा?

अनुबंध

राग कसला, हा प्रश्न रोज येतो.

पहिली गोष्ट, जुलाब, अंगावर पुरळ, ॲलर्जी हे त्रास खरे आहेत आणि जे औषध लागतच नाही त्याच्यापायी ते सोसायला लावणं मला पटत नाही. पोटातले चांगले जंतू मरतात, औषधाला दाद न देणारे उरतात. पुढे कधी या मुलाला खरोखर लघवीचा संसर्ग झाला तर साधं औषध लागू पडायची शक्यता कमी होते.

पण मला त्याहून मोठा धोका वेगळाच वाटतो. सिरप हातात पडलं की घरातले सगळे निर्धास्त होतात. "औषध चालू आहे ना, उतरेल." पीळ असेल तर त्या निर्धास्तपणात तास निघून जातात. पुन्हा तपासणीला बोलावलेलं मूल येत नाही. आणि ज्याला वारंवार त्रास होतोय त्याच्या मूत्रमार्गातला दोष शोधायचा राहून जातो, कारण दर वेळी सिरपनं 'बरं' वाटतं. ते खरं तर आपोआप बरं झालेलं असतं.

मी अँटिबायोटिकच्या विरोधात नाही. काही मुलांना ते द्यायलाच हवं : ज्यांच्या लघवीत पू-पेशी किंवा नायट्राइट (जंतू असल्याची रासायनिक खूण) सापडलं, कल्चरमध्ये जंतू वाढले, ज्यांना ताप आहे आणि मूल आजारी दिसतंय, तान्ही बाळं, ज्यांच्या मूत्रमार्गात जन्मतः दोष आहे किंवा जे कॅथेटरनं लघवी काढतात. या मुलांत ई. कोलाय हा नेहमीचा जंतू. औषध त्याप्रमाणे निवडायचं आणि कल्चर आल्यावर गरजेनुसार बदलायचं. एक व्यवहाराची गोष्ट : लघवीचा नमुना औषधाच्या पहिल्या डोसाआधी घ्यायचा, आणि मोठ्या मुलाचा मधल्या धारेचा. डोस पोटात गेल्यावर घेतलेल्या कल्चरवर विश्वास ठेवणं अवघड होतं.

शंखध्वनी

ते निर्धास्तपणाचं लक्षातच आलं नव्हतं. पटलं. आभार.

रानजाई

फोन केला. कल्चर पाठवलेलं होतं, काही वाढलेलं नाही. डॉक्टर म्हणाले औषध थांबवा, परवा दाखवायला या. मी विचारलं म्हणून त्यांना उलट बरंच वाटलं.

आता घरी काय करायचं ते सांगाल का? अजून सूज आहे, पण दुखणं कमी आहे. शाळेत पाठवू?

अनुबंध

उत्तम झालं.

घरी मुख्य काम दुखणं आणि सूज कमी करण्याचं. आयबुप्रोफेन वजनाप्रमाणे, काही खाल्ल्यावर, सुरुवातीचे दिवस ठरावीक वेळेनं द्यायचं. दुखलं की मग द्यायचं, असं नको. मूल उलट्या करत असेल, पाणी कमी झालं असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर ते टाळून पॅरासिटामॉल. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

आधार फार उपयोगी पडतो. घट्ट बसणारी चड्डी, दोन एकावर एक घातल्या तरी चालतील. झोपताना पिशवीखाली गुंडाळलेला छोटा टॉवेल ठेवून ती थोडी उंच करा. बर्फ कापडात गुंडाळून १०–१५ मिनिटं, दिवसातून काही वेळा. थेट कातडीवर नको. शेक नको, तेल लावून चोळणं तर नकोच. चोळल्यानं दुखणं वाढतं, आणि निदान चुकलं असेल तर नुकसान होतं.

भरपूर पाणी, लघवी दाबून न धरणं, आणि बद्धकोष्ठ असेल तर त्यावर इलाज. या शेवटच्या गोष्टीकडे फार दुर्लक्ष होतं. मळ साठलेला असला की मूत्राशय नीट रिकामं होत नाही, मूल जोर लावून लघवी करतं, आणि लघवी उलटी ढकलली जाते. ज्या मुलांना पुन्हा पुन्हा हा त्रास होतो त्यांतल्या काहींना शौचाची आणि लघवीची शिस्त लावल्यावर खूप फरक पडतो.

शाळेत आरामात चालता येऊ लागलं की पाठवा. पळापळ, सायकल, मैदानी खेळ मात्र दुखणं पूर्ण थांबेपर्यंत नकोत. दुखणं दोन-तीन दिवसांत बरंच उतरतं. सूज सावकाश उतरते, कधी काही आठवडे घेते, तर घाबरू नका.

परत कधी धावत जायचं : दुखणं अचानक वाढलं, नव्यानं उलट्या सुरू झाल्या, वृषण वर ओढल्यासारखं दिसलं, ताप चढला, कातडी लालभडक आणि चकचकीत झाली, किंवा दोन-तीन दिवसांनंतरही काहीच उतार नाही.

पाणकणीस

माझ्या मुलाला गुदद्वाराचा जन्मजात दोष होता, लहानपणी ऑपरेशनं झाली. आता ५ वर्षांचा आहे. त्याला हा त्रास परत परत होतो आणि दर वेळी लघवीत जंतू निघतात. याचं पुढे काय करतात?

अनुबंध

पाणकणीस, तुमच्या मुलाची गोष्ट वरच्या सगळ्यांपेक्षा वेगळी आहे, म्हणून 'बहुतेकांना अँटिबायोटिक लागत नाही' हे वाक्य त्याला लावू नका. गुदद्वाराच्या अशा दोषांत आतडं आणि मूत्रनलिका यांच्यात अनेकदा जोड राहिलेला असतो; ऑपरेशननंतरही तिथे छोटी पिशवी उरू शकते. पाठीच्या कण्याच्या खालच्या भागात दोष असेल तर मूत्राशयाच्या नसांचं कामही बिघडलेलं असतं. या सगळ्यामुळे जंतू असलेली लघवी शुक्रवाहिनीतून मागे जाते.

त्याला मूत्रपिंड आणि मूत्राशयाची सोनोग्राफी, लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरते त्याचं मोजमाप, आणि नळीतून औषध सोडून लघवी करतानाचा एक्स-रे, म्हणजे एमसीयू, यांची गरज असू शकते. मूत्रनलिकेतला पडदा, चिंचोळी जागा, शुक्राशयात चुकीच्या जागी उघडणारी मूत्रवाहिनी अशा गोष्टी त्यात शोधतात. गरज पडली तर मूत्राशयाच्या दाबाची तपासणीही करतात. बालमूत्रविकारतज्ज्ञांकडे सगळी जुनी ऑपरेशनची कागदपत्रं घेऊन जा. मूळ कारण हाताळलं तर हे थांबवता येतं किंवा बरंच कमी करता येतं. प्रत्येक वेळच्या संसर्गाची तारीख, कल्चरमधला जंतू आणि दिलेलं औषध एका वहीत लिहून ठेवा. तज्ज्ञांना त्याचा खूप उपयोग होतो.

बाकीच्यांसाठी : पहिल्यांदाच झालं, लघवी स्वच्छ, मूल एरवी ठणठणीत, तर एवढ्या तपासण्या लागत नाहीत. बाळाला झालं, लघवीत जंतू निघाले किंवा पुन्हा पुन्हा होतंय, तर मात्र शोध घ्यायला हवा.

कातरवेळ

मी शाळेत खेळ शिकवतो. मुलांना वृषणाला चेंडू लागणं नेहमीचं. कधी काळजी करायची?

टिपूर

तासाभरात दुखणं ओसरलं नाही, सूज किंवा काळंनिळं दिसलं, उलटी झाली, तर रुग्णालयात पाठवा. आणि "लागलंय म्हणून दुखतंय" यावर फार विश्वास नको. माराचं निमित्त होऊन पीळ बसलेला असू शकतो.

कातरवेळ

समजलं. मुलांनाही सांगून ठेवेन की तिथे दुखलं तर लपवायचं नाही.

ध्रुवपद

सर, हे नक्की करा. माझा मुलगा रात्रभर गप्प बसला असता.

निनावी सदस्य

मुलगा १६ वर्षांचा आहे. एपिडिडिमायटिस सांगितलंय. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसायला सांगून त्याच्याशी एकट्याशी बोलणं केलं. आम्हाला जरा खटकलं. असं करतात का?

अनुबंध

करायलाच हवं. वयात आलेल्या मुलात लैंगिक संबंधातून होणारा संसर्ग हे महत्त्वाचं कारण असतं, मुख्यतः क्लॅमिडिया आणि गोनोरिया. आईबाप समोर असताना कुठलाही मुलगा याचं खरं उत्तर देणार नाही. आणि उत्तर खोटं मिळालं तर औषध चुकतं. त्या संसर्गासाठी सेफ्ट्रायॅक्झोनचं एक इंजेक्शन आणि १० दिवस डॉक्सिसायक्लिन असा उपचार असतो, जो साध्या लघवीच्या संसर्गापेक्षा वेगळा आहे. जोडीदारावरही उपचार करावे लागतात. डॉक्टरांनी विचारलं म्हणजे तुमच्या मुलावर आरोप केला असं नाही. या वयात सगळ्यांनाच विचारतात.

तुम्ही त्याला एवढंच सांगा की डॉक्टरांना खरं सांग, आम्ही रागावणार नाही. आणि खरंच रागावू नका.

इथेच एक कठीण गोष्ट लिहिते. लहान मुलात असा लैंगिक संसर्गाचा जंतू सापडला, तर त्याचा अर्थ कुणीतरी त्याच्यावर अत्याचार केला असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी घरातच मिटवायचा प्रयत्न न करता मुलाच्या सुरक्षिततेचं आधी बघायचं आणि कायद्यानुसार कळवायचं. मूल बोललं तर त्याच्यावर विश्वास ठेवा.

रानजाई

पुढे मूल होण्यात अडचण येईल का, हा प्रश्न सासूबाई रोज विचारतात. मलाही आतून भीती आहेच.

अनुबंध

तुमच्या मुलासारख्या, एका बाजूच्या, जंतू नसलेल्या एपिडिडिमायटिसमध्ये नाही. सासूबाईंना निश्चिंत राहायला सांगा. वेळेत उपचार झालेल्या जंतुसंसर्गातही वृषण आकसणं विरळच. उपचार रेंगाळले, पू साठला किंवा दोन्ही बाजूंना वारंवार झालं, तर मात्र नळीत अडथळा होऊ शकतो. गालगुंडातला वृषणदाह वेगळा. तो प्रामुख्यानं वयात आल्यानंतर होतो, गालाची सूज आल्यावर साधारण आठवडाभरात. त्यात वृषण आकसू शकतं, तरी दोन्ही बाजू जाऊन पूर्ण वंध्यत्व येणं क्वचितच. त्याविरुद्ध लस आहे.

मंदार_वारा

माझ्या पुतण्याला गाठ राहिलीय. दुखत नाही. महिने झाले. दोनदा अँटिबायोटिक झालं. घरात म्हणतात की जुन्या सुजेचीच गाठ आहे.

अनुबंध

मंदार_वारा, हे इथे थांबवू नका, याच आठवड्यात बालशल्यचिकित्सकांना दाखवा. न दुखणारी, न विरघळणारी गाठ म्हणजे एपिडिडिमायटिसची जुनी खूण असं गृहीत धरायचं नाही. अधिवृषणाचा क्षयरोग असाच सावकाश, फारसा न दुखता वाढतो आणि नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाही. वृषणाचा ट्यूमर मुलांत दुर्मीळ, पण असतो. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोगही तिथे गाठ देऊ शकतो. अधिवृषणातली साधी पाण्याची गाठही असू शकते आणि ती निरुपद्रवी असते. यातलं कुठलं, ते तपासणी, सोनोग्राफी आणि गरजेप्रमाणे रक्ताच्या चाचण्यांतून कळेल. घरात कुणाला क्षयरोग झाला होता का, मुलाचं वजन उतरलंय का, ताप-खोकला आहे का, हे आठवून जा. तिसऱ्यांदा अँटिबायोटिक सुरू करण्याआधी हे सगळं व्हायला हवं.

मंदार_वारा

भावाशी आत्ताच बोललो. उद्या सकाळी घेऊन जातोय. आजोबांना क्षयरोग झाला होता, हे मी विसरूनच गेलो होतो, तेही सांगेन.

पाणकणीस

एक शेवटचं. दुखणं येऊन तासाभरात आपोआप गेलं तर? तेव्हाही रात्री धावायचं का? माझ्या बहिणीच्या मुलाला असं दोन-तीनदा झालंय.

अनुबंध

हा फार मोलाचा प्रश्न. अचानक जोरात दुखून पूर्ण थांबणं, आणि ते परत परत होणं, म्हणजे पीळ बसून स्वतःच सुटत असल्याची शक्यता आहे. मधल्या काळात तपासणी आणि सोनोग्राफी दोन्ही अगदी साधी येऊ शकते, आणि मुलाला 'एपिडिडिमायटिस होऊन गेला' असं सांगितलं जातं. ताईंना सांगा, दुखणं थांबलेलं असलं तरी येत्या एक-दोन दिवसांत सर्जनना दाखवा आणि प्रत्येक वेळी काय झालं ते क्रमानं सांगा. हकीकत तशी बसत असेल तर दोन्ही वृषणं टाक्यांनी पक्की करण्याचं छोटं ऑपरेशन ठरवून करतात. तोपर्यंत पुन्हा दुखू लागलं तर थांबतंय का हे बघत बसायचं नाही, त्याच वेळी निघायचं.